कोकणातल्या गच्चीवर हायड्रोपोनिक्स: भाजी किती, गारवा किती

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या एका गावात आमचे स्लॅबचे एकमजली घर असून वर सुमारे ९०० चौरस फुटांची मोकळी गच्ची आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरा वाजून गेले तरी खोल्या तापलेल्या असतात. गच्चीवर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्याच्या द्रावणात भाजी वाढवणे, केल्यास ताजी भाजी मिळते आणि घरही गार राहते, असे ऐकले. विहिरीला पाणी आहे, परंतु मे महिन्यात ते मचूळ लागते. हे करावे का, आणि करायचे तर कसे?

उत्तर: करावे, मात्र भाजी आणि गारवा या दोन अपेक्षांचा विचार स्वतंत्रपणे करावा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गेली चौदा वर्षे मी अशा गच्च्या उभारून देत आलो आहे, आणि ज्यांनी या दोन गोष्टी एकच समजल्या त्यांची बहुधा निराशा झालेली मी पाहिली आहे. चार माणसांच्या घराला पालेभाजी पुरवण्यासाठी शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा पुरेशी असते, परंतु तेवढ्या जागेतल्या भाजीने नऊशे चौरस फुटांचा स्लॅब गार होत नाही. गारव्यासाठी संपूर्ण स्लॅबवर सावली हवी, आणि त्या सावलीत भाजीचा वाटा लहानच असतो.

याचे कारण समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करू. एप्रिलच्या निरभ्र दिवशी आपल्या किनाऱ्यावर एका चौरस मीटर गच्चीवर दिवसभरात साधारण सहा युनिट इतकी सौरऊर्जा पडते. युनिट म्हणजे वीजबिलावर असते तेच. आपली गच्ची सुमारे ८४ चौरस मीटरची आहे, म्हणजे तिच्यावर रोज जवळजवळ पाचशे युनिट ऊर्जा पडते. उघडा स्लॅब ती शोषून दुपारी पंचावन्न अंशांच्या पुढे तापतो आणि ती उष्णता तीन-चार तासांच्या विलंबाने छताच्या आतल्या बाजूस पोहोचते. सूर्य मावळल्यावरही स्लॅब खोलीत उष्णता सोडत राहतो, ती हीच. आता भाजीकडे पाहू. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता खर्ची पडते. दहा चौरस मीटर भरगच्च भाजी उन्हाळ्यात दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर पाणी हवेत सोडते, म्हणजे तिच्यामुळे पंचवीस युनिटांच्या आसपास उष्णता वाफेत जाते. याउलट संपूर्ण गच्चीवर निम्मे ऊन अडवणारी जाळी असेल, तर अडीचशे युनिट ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. अडवलेल्या उन्हापैकी काही उष्णता जाळीतून पुन्हा खाली येते हे खरे, तरीही दोन आकड्यांमधले अंतर बोलके आहे.

वाफेच्या गारव्याविषयी आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती प्रत्येक कोकणवासीयाला अनुभवाने ठाऊक असते. वाळ्याच्या जाळीचा कूलर नागपूरला खोली गार करतो आणि रत्नागिरीला केवळ अंग चिकट करतो, कारण कोकणातली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते व तिच्यात आणखी वाफ सहज मावत नाही. गच्चीवरच्या बागेलाही हाच नियम लागू पडतो. विदर्भातल्या किंवा राजस्थानातल्या प्रयोगांचे गारव्याचे आकडे म्हणूनच कोकणात जसेच्या तसे आणता येत नाहीत. इथे सावली आणि वारा यांच्यावरच विसंबावे लागते.

ती सावली कशी असावी, यावर बरेच अवलंबून आहे. जाळी स्लॅबपासून किमान आठ फूट उंच असावी आणि चारही बाजू मोकळ्या असाव्यात, म्हणजे जाळीखाली तापलेली हवा साचून राहत नाही. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे हीच खरी दौलत आहे. त्यामुळे पश्चिमेकडची बाजू वाफे, बादल्या किंवा वेली लावून कधीही बंद करू नये. बाजारात हिरवी जाळी सर्वत्र मिळते म्हणून लोक तीच आणतात, परंतु ती वनस्पतींना लागणारा तांबडा व निळा प्रकाशच अधिक शोषते. पांढरी किंवा चंदेरी जाळी ऊन परत फेकते आणि तिच्याखालचा प्रकाश भाजीला मानवतो. पालेभाजीवर पन्नास टक्क्यांची, तर काकडी-टोमॅटोवर पस्तीस टक्क्यांची जाळी पुरे. जाळीखालच्या उरलेल्या स्लॅबला दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत. निव्वळ गारवाच हवा असेल आणि भाजीची हौस नसेल, तर चुना आणि जाळी एवढ्यावरच थांबावे, असे मी मनापासून सांगतो. त्यात खर्च अगदी कमी आणि देखभाल जवळपास नाही. हा लाभ गच्चीच्या थेट खालच्या मजल्यालाच होतो. आपले घर एकमजली असल्याने तो संपूर्ण घराला मिळेल.

जाळी आणि वाफे यांच्या आधी स्लॅबची परीक्षा करावी. किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेमुळे सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि छताच्या आतून पोपडे सुटतात. आपल्या छताला असे पोपडे किंवा तांबूस डाग दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय गच्चीवर एक बादलीही वाढवू नये. स्लॅब निरोगी असेल तर गळतीची परीक्षा घ्यावी: पावसाळी नळ्यांची तोंडे बंद करून दोन इंच पाणी तीन दिवस साठवावे आणि खालून ओल दिसते का ते पाहावे. वजनाचा हिशेब सोपा आहे. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो भार धरलेला असतो. दहा सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला शंभर किलो भरते, तर पंधरा सेंटिमीटर पाण्यातच ती मर्यादा संपते. वर झाडे, मांडणी आणि माणसे यांचे वजन निराळेच. ओल्या मातीचा तेवढ्याच जाडीचा थर तर अडीचशे किलोच्याही पुढे जातो, आणि मातीऐवजी पाण्यात भाजी घेण्याचे गच्चीवर जे समर्थन होते त्याचे हेच सर्वांत भक्कम कारण आहे. मांडणीचे पाय खालच्या भिंती आणि तुळया यांच्या रेषेत यावेत. पायांसाठी स्लॅबला भोके पाडून बोल्ट मारू नयेत. एका बोल्टाने सबंध वॉटरप्रूफिंग निकामी होते.

आता पद्धतीविषयी. छायाचित्रांत दिसणाऱ्या पांढऱ्या नळ्यांच्या उतरंडीला एनएफटी म्हणतात. तीत मुळांखालून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. वजनाने ती सर्वांत हलकी आहे आणि थंड हवेत उत्तम चालते. माझी पहिली मोठी गच्ची याच पद्धतीची होती. एप्रिलच्या एका दुपारी तीन तास वीज गेली, नळ्यांतला पाण्याचा थर आटला आणि चारशेहून अधिक रोपे संध्याकाळपर्यंत माना टाकून पडली. चूक वीज जाण्याची नव्हती; ज्या भागात वादळी वाऱ्यात वीज जाणे नेहमीचे आहे, तिथे क्षणभराच्या खंडालाही न टिकणारी रचना मी निवडली, ही होती. तेव्हापासून कोकणात मी तरंगत्या तराफ्याची पद्धत सुचवतो. पाणी धरून ठेवणारे, एकूण सहा चौरस मीटरचे उथळ वाफे घ्यावेत, त्यांत दहा सेंटिमीटर द्रावण ठेवावे, त्यावर जाड थर्माकोलचा तराफा आणि तराफ्याच्या भोकांत रोपांच्या जाळीदार कुंड्या. वीज चार तास गेली तरी मुळे पाण्यातच असतात.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे तापलेले पाणी, आणि या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण कोकणातले बहुतेक प्रयोग इथेच फसतात. मुळांना श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात आणि पस्तीसला सुमारे सात. घट मोठी वाटत नाही. परंतु तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते, आणि त्याच ऊबदार पाण्यात मुळे कुजवणारी पिथियम बुरशी फोफावते. निरोगी मूळ पांढरे आणि टणक असते. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारे मूळ दिसले की ती खेप गेली असे समजावे. उथळ वाफ्यातले पाणी उन्हात लवकर तापते, तर खोल वाफा स्लॅबला पेलवत नाही. या पेचातून मार्ग असा, की पाचशे लिटरची टाकी गच्चीवर न ठेवता जमिनीवर, घराच्या उत्तरेच्या सावलीत ठेवावी, शक्य असल्यास ती निम्मी जमिनीत पुरावी. कोकणात विहिरीचे पाणी आणि खोल माती वर्षभर साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. छोट्या सबमर्सिबल पंपाने द्रावण वर चढवावे आणि वाफ्यात दहा सेंटिमीटर उंचीवर बसवलेल्या नळीतून ते आपोआप खाली उतरू द्यावे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत दर तासाला पंधरा मिनिटे पंप चालला तरी पुरतो. पंप थांबला तरी वाफे भरलेलेच राहतात. हवा भरण्यासाठी मत्स्यालयाचा एअर पंप लावावा, परंतु तो सावलीत ठेवावा, अन्यथा तो पाण्यात तापलेली हवा भरत राहतो.

पाण्याचा प्रश्न आपण स्वतःच नेमका मांडला आहे. मचूळपणा म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. झाडे हे क्षार फारसे घेत नाहीत, परंतु पाण्याची वाफ होत जाते तसे ते द्रावणात साठत जातात आणि तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण त्याच्या विद्युतवाहकतेवरून (ईसी) दाखवणारे साधे ईसी मीटर घ्यावे. विहिरीच्या पाण्याचे माप (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) ०.५ च्या आत असेल तर निश्चिंत असावे, १ च्या पुढे गेले की ते पाणी वाफ्यात घालू नये. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी दिवाळीपासून जानेवारीपर्यंत सहसा गोडे आणि मृदू असते, त्यामुळे त्या काळात चिंता नाही. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी मात्र पावसाचे पाणी साठवावे. रोज चाळीस लिटर आणि एकदा संपूर्ण द्रावण बदलणे धरून सहा हजार लिटर पुरतात. आपल्या गच्चीवर सत्तर मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ तेवढे पाणी जमते, आणि जुलैतल्या एखाद्या दमदार दिवशी एवढा पाऊस होतोच. मृगाचे पहिले काही पाऊस वाहू द्यावेत, गच्ची धुऊन निघू द्यावी, मग काळ्या झाकणबंद टाकीत जाळीतून गाळून पाणी घ्यावे. पावसाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) फार झपाट्याने वरखाली होतो. त्यात थोडे गोडे विहिरीचे पाणी मिसळले की तो स्थिर राहतो.

खताच्या बाबतीत एक चूक मी वारंवार पाहतो. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले मिश्र खत) आणून पाण्यात टाकले जाते. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, जो मातीतल्या जिवाणूंनी बदलल्यावरच झाडाला चांगला लागू पडतो. शिवाय त्यात कॅल्शियम नसते. शंभर लिटर पाण्यासाठी माझे प्रमाण असे: कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३५ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेले राहील अशा रूपातले) लोह असलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण वेष्टनावरील मात्रेप्रमाणे. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र बादलीत विरघळवावे आणि बाकीचे दुसऱ्या बादलीत. घट्ट द्रावणे एकत्र आली की कॅल्शियमचा सल्फेट-फॉस्फेटशी संयोग होऊन पांढरा साका तळाशी बसतो व झाडाला काहीच मिळत नाही. हे द्रावण ईसीत १.८ च्या आसपास भरते. ते फळभाजीला जसेच्या तसे चालते. पालेभाजीला निम्मे ते दोन-तृतीयांश करावे, आणि उन्हाळ्यात आणखी थोडे पातळ, कारण तेव्हा झाड खतापेक्षा पाणी अधिक पिते. पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवावा. तो सातच्या वर गेला की लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. जुने द्रावण विहिरीजवळ कधीही ओतू नये. नारळ-सुपारीच्या आळ्यात ते थोडे थोडे घालावे. माड ते आनंदाने घेतो.

काय लावावे, याचे उत्तर कोकणात दिनदर्शिकेवर ठरते. दसऱ्यानंतर ऑक्टोबरची तलखी ओसरू लागली की पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना सुरू करावा. लेट्यूस डिसेंबर-जानेवारीतच घ्यावे. उष्णतेत ते कडू होते आणि लवकर तुऱ्यावर येते. सिंगापूरसारख्या उष्ण ठिकाणी मुळांभोवतीचा भाग यंत्राने वीस अंशांपर्यंत थंड करून ते वाढवतात, परंतु घरगुती गच्चीवर त्या विजेचा खर्च परवडणारा नाही. शिमग्यानंतर उष्णता सोसणाऱ्या भाज्यांवर यावे: लाल माठ, मायाळू, नाळीची भाजी आणि अळू. यांतल्या नाळीच्या भाजीला आणि अळूला पाण्यात पाय ठेवून राहण्याची सवयच असते, आणि तीस अंशांच्या द्रावणातही ती डगमगत नाहीत. हायड्रोपोनिक्स म्हटले की परदेशी सलाडचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात, याचे मला वाईट वाटते. कोकणच्या पाण्यात कोकणची अळूवडी होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. टोमॅटो, मिरची आणि काकडी तराफ्यावर न लावता कोकोपीटच्या बादल्यांत घ्यावीत; बारा बादल्या पुरतात. आपल्या जमिनीतल्या जिवाणूजन्य मर रोगाने टोमॅटो आणि वांग्याची उभी झाडे एकाएकी सुकतात, आणि मातीचा संबंध तुटल्याने तो धोका इथे बराच टळतो. कोकोपीट मात्र धुतलेले घ्यावे. नारळाचे सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेले असेल, तर त्यात मीठ भरपूर राहते.

माकडे आणि वानर हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात गच्चीबागेचा शेवट करणारा विषय आहे. वरची जाळी सावलीची असली तरी वाफ्यांच्या भोवती स्वतंत्र, घट्ट ताणलेली जाळी हवीच. ती कमी उंचीची ठेवावी, म्हणजे वारा अडत नाही. लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत चार-पाच वर्षांत गंजतो. यूपीव्हीसी नळ्या किंवा नीट मुरवलेला माणगा बांबू अधिक टिकतो. प्रत्येक टाकी आणि वाफा पूर्ण झाकलेला असावा, कारण उघड्या पाण्यात आठवड्याभरात डास होतात आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो.

राहिला वारा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले, आणि पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते किनाऱ्यावरून गेले. ताशी एकशे वीस किलोमीटरचा वारा एका चौरस मीटर भरीव पृष्ठभागावर सुमारे अडुसष्ट किलोचा रेटा देतो. जाळी सच्छिद्र असल्याने तिच्यावर तो कमी पडतो, तरीही संपूर्ण गच्चीभर ताणलेली जाळी त्या वाऱ्यात शिडासारखी वागते आणि सांगाडा कठड्यासकट उपटून नेऊ शकते. म्हणून जाळी कायमची शिवू नये. दोन माणसांना अर्ध्या तासात उतरवता येईल अशा गाठींनी बांधावी. वादळाचा इशारा नसला तरी मेच्या शेवटच्या आठवड्यात ती उतरवून, धुऊन, वाळवून गुंडाळून ठेवावी आणि वाफे रिकामे करावेत. पावसाळ्यात प्रकाश कमी असतो, द्रावण पावसाने पातळ होते आणि पानांवर बुरशी येते. जून ते सप्टेंबर हायड्रोपोनिक्स चालवण्याचा आग्रह मी धरत नाही.

परंतु सांगाडा उभा असतोच. मृगाचा पाऊस पडला की घराच्या दक्षिण आणि पूर्व भिंतींलगत, खाली परसातल्या मातीत पडवळ, दोडका आणि भोपळ्याच्या बिया टोचाव्यात आणि वेलींना सुंभाने वाट दाखवत सांगाड्यावर चढवावे. आपल्याकडे कौलांवर भोपळ्याचा वेल सोडण्याची रीत आहेच. मुळे जमिनीत राहिल्याने स्लॅबवर पाण्याचा किंवा मातीचा भार येत नाही, आणि पाऊस ओसरून ऑक्टोबरची तलखी सुरू होते तेव्हा हा हिरवा मांडव सर्वांत दाट झालेला असतो. दिवाळीच्या सुमारास वेल सुकू लागले की ते काढून टाकावेत, सांगाडा पुसून घ्यावा आणि जाळी पुन्हा चढवावी.